ठशांचा प्रदेश

भाजलेली नकोत, असं मी फोनवर दोनदा सांगितलं.
आच लागली की आम्ल मोडतं,
कार्बन डायऑक्साइड निघून जातो
आणि उरतं ते होड्यांच्या रंगाला जातं,
औषधाला नाही.
आई म्हणाली, "बरां."

आठवड्याने वेंगुर्ल्याच्या एस.टी.तून
गोणपाटात बांधलेली पाच किलो काजूची टरफलं आली,
कच्ची, चिकाने काळी पडलेली,
आणि तळाशी, माझ्यासाठी, सुकवलेली सोलं.

मी चीक काढला. गाळला.
चुन्याचं मीठ करून खाली बसवला,
आम्ल घालून पुन्हा सोडवला.
काचेच्या नळीत सिलिका भरून
रात्रभर थेंब मोजत बसले.
खिडकीबाहेर भाट्याच्या खाडीत
होड्या दिवे लावून परतत होत्या
तेव्हा छत्तिसाव्या परीक्षानळीत तो आला:
फिकट पिवळा, थंडीत गोठणारा,
डोक्याकडून ॲस्पिरिनचा चुलत भाऊ,
मागे पंधरा कार्बनची शेपटी.

शेपटीमुळेच तो जंतूच्या कातडीत शिरतो.
शेपटीमुळेच माणसाच्याही.
तीन वर्षं माझं काम एवढंच,
की ती कुठे तोडली तर
तो पहिल्याला मारेल आणि दुसऱ्याला सोडेल.

सव्वीस रेणू केले.
एकोणीस निरुपयोगी.
चार तर जंतूंना खाऊ वाटले.
एक लाइट गेली तेव्हा फ्रिजात बिघडला,
अडतीस मिलिग्रॅम, पाच महिने.
तळवणेकर सर म्हणाले, "लिहून ठेवा. हेही लिहून ठेवा."
एकाचं काय झालं ते अजून कळलेलं नाही.
सव्विसाव्याभोवती बशीत
चार आण्याएवढं कडं दिसलं, नितळ.

बशीतलं मेलं म्हणजे पायाची जखम भरली असं नव्हे.
मधे पेशी आहेत, उंदीर आहेत, वर्षं आहेत, पैसे आहेत.
तरी मी ती बशी
दिवसातून चार वेळा उजेडात धरली.

इन्फ्रारेडच्या आलेखात उजव्या टोकाला
जिथे रेषांची झुंबड उडते
त्या भागाला आमच्यात ठशांचा प्रदेश म्हणतात.
प्रत्येक रेणूचा आपला, दुसऱ्या कुणाशी न जुळणारा.
सर हे शिकवत होते तेव्हा मला
उभादांड्याच्या रेशन दुकानातलं यंत्र आठवलं.
आईचा अंगठा, पुसून, थुंकी लावून, पुन्हा,
मागे रांग,
आणि दुकानदार, "गे द्रुपदे, तुझो अंगठो गेलो खय?"
बावीस वर्षं बिया फोडायच्या बाकावर.
राख लावून, एरंडेल लावून.
चीक रेषा आधी पिवळ्या करतो,
मग सोलून नेतो.

प्रबंध जवळपास झाला तेव्हा ती प्रयोगशाळा बघायला आली,
चपला दाराबाहेर काढून.
घाल, म्हटलं, इथे काचा असतात.
बोलता बोलता कळलं,
कारखान्यात आता सगळं वाफेवर होतं,
कच्चं टरफल मिळत नाही.
ती पाच किलो तिने घरी फोडली होती,
रात्री, खळ्यात, उघड्या हातांनी.
"मोजे घालून बी हातात गावता काय?"

मी गप्प राहिले.
तिसरं प्रकरण, साहित्य व पद्धती, पहिली ओळ:
नमुना स्थानिक स्रोताकडून मिळवला.

टेबलावरची सिलिकाची पट्टी तिने उचलली,
अंगठ्याने दाबून पाहिली,
खडूसारखी आसा, म्हणाली.
सवयीने मी ती जांभळ्या दिव्याखाली सरकवली.
हिरव्या उजेडात काळा डाग.
रेषा एकही नाही.
हंगाम संपून महिना झाला होता,
तरी डाग होता.

"उमटलो?"
"उमटलो."

पट्टीच्या कडेला पेन्सिलीने तारीख घातली
आणि स्रोताचं नाव.